किल्ली जागेवरच होती

१

रितिकाचं लग्न मंगळवारी मोडलं आणि वैभवी गभणेची नोकरी गुरुवारी जायला निघाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं खापरखेड्याच्या वसाहतीत कुणाच्या मनात आलं नसतं. सक्करदऱ्याच्या ‘वेणू सिस्टीम्स’मध्ये तर रितिका हे नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

रितिकाला क्षय झाला होता. औषधं तिनं नेमानं घेतली होती, बरीही होत आली होती. घरच्यांशिवाय ही गोष्ट फक्त गोपिकाबाईंना ठाऊक होती. एका आरोग्य संस्थेच्या त्या घरोघर जाऊन औषध देणाऱ्या कार्यकर्त्या. त्यांना ठाऊक, आणि त्यांच्या फोनला. मंगळवारी मुलाकडची मंडळी पोह्यांच्या बश्या हातात घेऊन बसलेली असताना दारात औषध कंपनीचा एक एजंट येऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “टीबीचं पेशंट इथंच ना? आमचं टॉनिक दाखवायचं होतं.” बश्या तशाच राहिल्या. मंडळी उठली.

संस्थेनं कार्यकर्त्यांचे फोन तपासले, तेव्हा बहुतेक फोनवर ‘हवामान’ नावाचं एक अ‍ॅप सापडलं. ऊन-पाऊस सांगता सांगता ते रुग्णांची सगळी नोंदवही वाचत होतं आणि बाहेर पाठवत होतं. फोन बाजारातलेच होते, पण त्यांच्या आत चालणारी प्रणाली ‘वेणू’नं बांधलेली. त्यामुळे बोट सरळ सक्करदऱ्याकडे वळलं.

गुरुवारी सकाळी ‘वेणू’च्या मालकीणबाई प्रमोदिनी घुशे यांनी कृष्णकांत सुभेदारांना बोलावून घेतलं. कृष्णकांतराव बँकेच्या संगणक-सुरक्षा खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी पूजा, संध्याकाळी देवळात कीर्तन, बुवांच्या मागे उभं राहून झांज धरणं, आणि मधल्या वेळात कुणाच्या संगणकाची भानगड सोडवून देणं, असा त्यांचा दिवस जाई. अंगात बंडी, कपाळावर बुक्का. ऑफिसातली पोरं त्यांना पाहून एकमेकांकडे बघायची, आणि अर्ध्या तासानं त्यांचं बघणं बंद व्हायचं.

“काका, संध्याकाळी सहाला डॉक्टर नूपुर येणार आहेत, संस्थेच्या,” प्रमोदिनीताई म्हणाल्या. “त्यांना नाव पाहिजे. आणि नाव एकच निघतं. वैभवीचं. सहा वाजता तिचा राजीनामा घेते, उद्या सकाळी पोलिसात देते.”

“ताई, आधी आख्यान तर लावा. गोष्ट काय ते कळू द्या.”

प्रमोदिनीताईंनी सांगितलं ते असं. फोन हे एक घर समजा. बाहेरून आलेली अ‍ॅप म्हणजे पाहुणे. त्यांनी ओसरीवर बसायचं. रुग्णांची नोंदवही असते आतल्या खोलीत. तिथं फक्त घरच्या अ‍ॅपना वाट. घरचं कोण नि पाहुणं कोण, हे फोन ओळखतो अ‍ॅपवरच्या सहीवरून. कोणत्या सहीला कुठवर येऊ द्यायचं, याचे नियम प्रणाली बांधतानाच तिच्यात घातलेले असतात. त्याला म्हणायचं पॉलिसी. आणि सही करायची किल्ली म्हणजे हे एवढंसं टोकन. त्यांनी तिजोरीतून अंगठ्याएवढी धातूची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

“तिजोरी उघडते मी. टोकनचा पिन फक्त वैभवीला माहीत. ‘हवामान’ला फोननं आतल्या खोलीत घेतलं, म्हणजे त्याच्यावर घरची सही आहे. घरची सही वैभवीशिवाय कुणी करू शकत नाही. आता सांगा, मी काय करू?”

कृष्णकांतरावांनी टोकन उचलून उजेडात धरलं. त्याच्या खाचेत पिवळं काहीतरी बसलेलं होतं. त्यांनी नखानं खरवडून वास घेतला.

“हळद?”

“खंडेनवमीची. आम्ही दरवर्षी हत्यारांची पूजा करतो इथं. सुताराचा रंधा तसं आमचं हे.”

“चांगलं करता,” कृष्णकांतराव मनापासून म्हणाले आणि टोकन परत ठेवलं.

दाराशी वैभवी उभी होती. रामटेकजवळच्या धान लावणाऱ्या घरातली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पाठ ताठ. डोळे रडून झालेले होते, पण आवाज नव्हता रडका.

“सर, टोकन एकदाही बाहेर गेलं नाही. किल्ली जागेवरच होती. ‘हवामान’ हे नाव मी काल पहिल्यांदा ऐकलं.”

“मग सही कुणी केली, पोरी?”

वैभवीनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. “तेच तर मले समजून नाही राहिलं.”

२

दुपार व्हायच्या आत कृष्णकांतराव खापरखेड्याला पोचले. गोपिकाबाईंनी दार उघडलं ते कमरेवर हात ठेवूनच.

“तुम्ही त्या फोनवाल्यायचे मानूस?”

“त्यांचा नाही. त्यांनी बोलावलं म्हणून आलो.”

“एकच झालं. बसा. च्या ठेवते. रागात असली तरी च्या पाजतेच मी.” आत जाता जाता त्या बोलतच होत्या. “सारी कॉलनी म्हनून राहिली, गोपिकानं फोडलं. मी काहून फोडीन गा? माह्या पोटच्या पोरीले नाही सांगितलं कधी. आता लोकं दारच नाही उघडत. औषध कोनाले देऊ, भिंतीले?”

“ते ‘हवामान’ कुठून आलं तुमच्या फोनमध्ये?”

“मेसेज आला ना. हापिसच्या नावानं. नवीन आलं म्हने, टाकून घ्या. आम्ही फिरतीच्या बाया. ऊन पाहा लागते, पानी पाहा लागते. दाबलं.” चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवून त्या खाली बसल्या. “चुकलं काय माह्यं?”

“तुमचं नाही चुकलं. फोनचं काम होतं त्याला ओसरीवर बसवायचं. फोनच चुकला.”

“मंग फोनले घ्या ना पोलिसात!”

कृष्णकांतराव हसले. मग फोन आपल्या लॅपटॉपला जोडून गप्प झाले. कोणत्याही अ‍ॅपवर ज्या किल्लीनं सही केलेली असते, तिचा ठसा उमटलेला असतो. किल्ली गुपित, ठसा उघडा. तो कुणीही पाहावा. मात्र पाहायचं कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. अ‍ॅप आतल्या खोलीत सापडलं, त्या अर्थी सही घरची, असं सगळ्यांनी धरलं आणि पुढे निघाले.

कीर्तनातही असं होतं. शेवटच्या ओळीत संताचं नाव आलं की लोक हात जोडतात. पद खरंच त्या संताचं आहे की मागाहून कुणी जोडलंय, हे विचारायला थांबतो कोण? कृष्णकांतराव थांबणाऱ्यांतले होते. बुवांनासुद्धा त्यांचा कधी कधी त्रास व्हायचा.

त्यांनी ‘वेणू’च्या किल्लीचा ठसा पडद्यावर डावीकडे घेतला, ‘हवामान’चा उजवीकडे. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. चहा निवला.

“काहून गा, काय झालं?” गोपिकाबाई म्हणाल्या.

“बाई, हे दोन ठसे वेगळे आहेत.”

उजवीकडचा ठसा त्यांच्या ओळखीचा होता. बँकेत असताना दहादा पाहिलेला. फोनची ही प्रणाली मुळात सगळ्या जगाला फुकट मिळते, आणि तिच्यासोबत सरावासाठी एक नमुन्याची किल्लीही मिळते. टेस्ट की. ज्याला हवी त्यानं उतरवून घ्यावी. नवशिक्यांनी हात बसवावा म्हणून ठेवलेली. विकायच्या फोनमध्ये तिला घरात घ्यायचं नसतं, हे या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

म्हणजे खरी किल्ली चोरीला गेलीच नव्हती. जी चोरायची गरजच नाही, अशा किल्लीनं कुणीतरी आतली खोली उघडली होती.

आणि ‘वेणू’च्या फोननं त्या किल्लीला घरचं मानलं होतं.

३

ही गोष्ट कृष्णकांतरावांनी कुणालाच सांगितली नाही. सक्करदऱ्याला परतले, जिन्यातच वैभवीला गाठलं आणि पायरीवर बसले.

“तुझ्याकडं सही करायला कोण कोण येतं?”

“पियुष. तो बिल्ड करतो, म्हणजे सगळं एकत्र बांधून फोनमध्ये घालायची प्रणाली तयार करतो. नोंदवही आणि औषधाची आठवण, हे दोन अ‍ॅप त्याचे. दर वेळी आणतो, दर वेळी भांडतो. मी सगळं तपासल्याशिवाय पिन टाकत नाही ना.”

“आणि ताईंनी सांगितलेला दुसरा पोरगा, अर्णव?”

“अर्णव सोनक? त्याचं शिकवणीचं अ‍ॅप आहे. फोन कसा वापरायचा ते बायांना दाखवतं. तो दसऱ्यापासून आलाच नाही माझ्याकडे.” ती एक पायरी खाली बसली. “सर, खरं सांगा, माझं काही होईल का? घरी बाबांना सांगितलं नाही अजून. इथून पोलिसात नाव गेलं तर या लाइनमध्ये मला कुणी किल्ली नाही देणार पुन्हा. किल्ली काय, कीबोर्ड नाही देणार.”

“सहा वाजायचे आहेत अजून,” कृष्णकांतराव म्हणाले. धीर द्यायला याहून चांगलं वाक्य त्यांना सुचलं नाही.

पियुष काळमेघ तीन पडद्यांच्या मागे बसला होता. गोल चेहरा, अंगावर स्वेटर, जीभ सैल.

“काका, वैभवीनं नाही केलं. ती लायसन्स नसलं तर स्कूटी ढकलत नेईल, अशी आहे ती.”

“मला म्हाताऱ्याला पहिल्यापासून समजव. तुम्ही रोज चाचणी करता, तेव्हा दर वेळी खऱ्या किल्लीची सही घेता?”

“छे! रोज कोण तिच्या पाया पडेल? चाचणीला नमुन्याची की. सगळेच वापरतात, त्यात काही चूक नाही. फायनल बिल्डच्या वेळी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालते. पॉलिसीत जिथं जिथं नमुन्याची की दिसते तिथून काढते, खरी घालते. आपोआप.”

“दिसते म्हणजे? तिला ओळखते कशी?”

“नावावरून, जागेवरून. नमुन्याच्या कीची नावं ठरलेली असतात, फोल्डर ठरलेलं असतं. त्याची यादी आहे स्क्रिप्टमध्ये.” पियुषनं कौतुकानं पडद्यावर टिचकी मारली. “मीच लिहिली. एकदा नाही चुकली.”

“वा. आणि अर्णवचं कसं चाललंय?”

“मस्त. मागच्या आठवड्यातच शिकवणीचं नवं व्हर्जन गेलं सगळ्या फोनवर. त्यात गाणं टाकलंय त्यानं. बाया खूश.”

कृष्णकांतरावांनी मान हलवली, जशी ते एखादी चांगली तान ऐकून हलवीत.

अर्णव खिडकीत बसून संत्रं सोलत होता. देखणा, हसरा. त्यानं अर्धं संत्रं पुढे केलं.

“घ्या काका. नागपुरात येऊन संत्रं नाही म्हणायचं नसतं. तुम्ही तर इथलेच.”

“वैभवीबद्दल तुला काय वाटतं?”

“भली आहे. पण मिजास भारी. किल्ली जशी हिच्या आजोबांनी घडवली! आता पाहा, ज्याच्या हाती जास्त, त्याच्यावर आळ पहिला. मला वाईटच वाटून राहिलं.” त्यानं बिया कागदावर नीट गोळा केल्या. “मी तर पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय. मोठी कंपनी. सुटलो म्हणा.”

“कसली कंपनी?”

“हेल्थकेअर,” अर्णव म्हणाला आणि तोंडात फोड टाकली.

शेवटी कृष्णकांतरावांनी ऑफिसचा एक संगणक मागून घेतला आणि त्या फोनांची पॉलिसी उघडली. कोणत्या सह्या घरच्या, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तिथं एक सही हवी होती. दोन होत्या. पहिलीचं नाव कंपनीचं. दुसरीचं नाव होतं ‘शुभारंभ’. आणि ‘शुभारंभ’चा ठसा तोच, खापरखेड्यात पाहिलेला.

ती ओळ पॉलिसीत केव्हा आली, तेही दिसत होतं. खंडेनवमीच्या दिवशी.

नमुन्याच्या किल्लीला कुणीतरी घरचं नाव देऊन घरात बसवलं होतं. पण का? त्या दिवशी खरी किल्ली चार पावलांवर तिजोरीत असताना, शहाण्यासुरत्या माणसानं खोटी का उचलावी?

कृष्णकांतराव बोटाच्या नखाकडे पाहत राहिले. त्यात अजून थोडं पिवळं होतं. मग हळूच म्हणाले, “तिजोरीत नव्हतीच ती.”

४

‘का’ मिळालं होतं. ‘कोण’ मिळायचं होतं, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

कृष्णकांतरावांनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. पियुष खुर्ची उलटी करून बसला. अर्णव भिंतीला टेकला. वैभवी दाराजवळ उभीच.

“मी खापरखेड्याला जाऊन आलो,” कृष्णकांतराव म्हणाले. “आता आपण असं धरून चालू की खरी किल्ली फुटली. त्यामुळे साडेतीन वाजता मी ती बाद करायला लावतोय. नवी किल्ली वैभवी तयार करेल. ताई शेजारी बसतील. साडेतीननंतर जुन्या किल्लीची सही असलेलं कोणतंही अ‍ॅप आतल्या खोलीत जाणार नाही. ज्याला आपलं अ‍ॅप चालू ठेवायचं असेल, त्यानं तोवर तिच्याकडून नवी सही घ्यावी.”

“साडेतीन?” पियुष किंचाळलाच. “काका, एका तासात? औषधाची आठवण बंद पडली तर उद्या सकाळी बाया कुणाकडे जाणार? वैभवी, ए वैभवी, चल लवकर. आधी माझं घे.”

“तपासल्याशिवाय नाही.”

“तपास वं बाई, पण चालता चालता तपास!”

दोघं गेले. पियुष तासभर या टेबलावरून त्या टेबलावर पळत होता. पहिल्या अ‍ॅपमध्ये वैभवीनं एक चूक काढली, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला, पण निमूट दुरुस्त करून आणलं. प्रमोदिनीताई पहारेकऱ्यासारख्या मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

कृष्णकांतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

साडेतीन वाजले.

“काय रे अर्णव,” कृष्णकांतरावांनी डोळे न उघडता विचारलं, “तुझी शिकवणी?”

“असू द्या काका. तिला काही फरक नाही पडत.”

“बरं,” कृष्णकांतराव म्हणाले.

एवढंच हवं होतं.

५

डॉक्टर नूपुर ठोंबरे सहाला पाच कमी असतानाच आल्या. चाळिशीच्या, थकलेल्या, खुर्चीला पाठ न टेकता बसणाऱ्या.

“घुशेबाई, मला लांबण नको. त्या मुलीच्या घरी मी जाऊन आले. तिची आई माझ्याशी बोलली नाही. फोनवर सांगितलंत ते नाव पक्कं का, तेवढं सांगा.”

प्रमोदिनीताईंनी वैभवीकडे पाहिलं. वैभवीनं नजर खाली केली नाही.

“मी सांगतो,” कृष्णकांतराव म्हणाले. “पण आधी एक गोष्ट. किल्ली चोरीला गेलेली नाही. ‘हवामान’वर खऱ्या किल्लीची सही नाहीच. नमुन्याच्या किल्लीची आहे, जी सगळ्या जगाकडे असते. ठसे इथं आहेत, कुणीही ताडून पाहा.”

मग पियुष उठून पडद्याशी गेला, वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

“मग आमच्या फोननं तिला आत का घेतलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कारण इथल्याच माणसांनी तिला घरची म्हणून नोंदवलं. खंडेनवमीला दुपारी तुम्ही पहिला फोन बघायला येणार होतात, आठवतं?”

“आले होते. प्रसादाचे पेढेही खाल्ले.”

“सकाळी टोकनची पूजा झाली होती. पूजेत ठेवलेलं हत्यार उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलत नाहीत. वैभवी सणाला रामटेकला गेलेली. ती असती तरी टोकन उचललं नसतं. आणि शिकवणीचं अ‍ॅप तर आतल्या खोलीत चाललं पाहिजे, तुम्हाला दाखवायचं होतं.” कृष्णकांतराव ताईंकडे वळले. “ताई, पुढचं मी म्हणू की तुम्ही?”

प्रमोदिनीताईंनी आपली खुर्ची पुढे ओढली.

“मीच म्हटलं पियुषला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, देवीसमोरून उचलायचं नाही. काहीतरी तात्पुरतं कर.”

“हो,” पियुष पडद्याकडे तोंड करूनच म्हणाला. “मी नमुन्याची की आपल्या फोल्डरमध्ये आणली. सणाचा दिवस, म्हणून नाव दिलं शुभारंभ. म्हटलं, फायनलला स्क्रिप्ट काढून टाकेल.” तो वळला. त्याचा गोल चेहरा पांढरा पडला होता. “स्क्रिप्ट नावावरून ओळखते. मी नाव बदललं. फोल्डरही बदललं. तिला ती आपलीच वाटली असेल काका. तिनं तिला हातही लावला नाही.”

“नाही लावला. तुला ते माहीत नव्हतं. मात्र एकाला माहीत होतं.”

आता कुणाला सांगावं लागलं नाही. सगळे भिंतीकडे वळले. अर्णव हसला.

“काका, जगाकडे आहे म्हणता ना ती की? मग जगातल्या कुणीही केलं असेल.”

“किल्ली जगाकडे आहे. ती आपल्या दाराला लागते, हे जगाला ठाऊक नव्हतं. ते कळायचा मार्ग एकच. त्या किल्लीची सही केलेलं अ‍ॅप तयार फोनवर घालायचं आणि ते आत जातंय हे पाहायचं. वैभवी म्हणते, तू दसऱ्यापासून तिच्याकडे आला नाहीस. पियुष म्हणतो, मागच्या आठवड्यात तुझी नवी शिकवणी सगळ्या फोनवर गेली. मग तिच्यावर सही कुणाची? मी पाहिली. तीच, खंडेनवमीची.”

“आळस केला, मान्य. गुन्हा आहे का? मला काय माहीत ती की अजून चालू आहे का नाही!”

“माहीत होतं. म्हणून तर आज दुपारी तू जागचा हलला नाहीस. खरी किल्ली बाद होणार म्हटल्यावर पियुषचा जीव वरखाली झाला, कारण त्याच्या मते सगळ्यांची सही तीच. तुझ्याही मते तीच असती, तर तूही पळाला असतास. तू म्हणालास, तिला काही फरक पडत नाही. खरी किल्ली गेली तरी शिकवणी आत जाईल, याची तुला खात्री होती. ही खात्री या इमारतीत दुसऱ्या कुणाला नव्हती.”

“अबे, मी तुला विचारलं होतं,” पियुष एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. “मागच्याच आठवड्यात. शिकवणीवर वैभवीची सही घेतली का? तू म्हणाला, हो घेतली, एक तास कटकट केली तिनं. आपण हसलो बे त्याच्यावर.”

अर्णवचं हसू तिथं गेलं. डॉक्टर नूपुरनी फक्त एवढंच विचारलं, “पुण्याची कंपनी तीच का, टॉनिकवाली?”

अर्णव म्हणाला, “नुसती यादी मागितली होती त्यांनी. नोकरीला लावून घेऊ म्हणाले, यादी आण. म्हणून ते ‘हवामान’ बनवून पाठवलं. एजंट असा दारात जाऊन ओरडेल, हे मला काय ठाऊक.”

“आणि वैभवीवर आलं ते?” कृष्णकांतरावांनी विचारलं. “सकाळपासून तू इथंच बसला होतास.”

डॉक्टरांनी फोन काढला आणि पोलीस येईपर्यंत अर्णवला बाहेरच्या खोलीत बसवण्यात आलं. दाराशी पियुष स्वतः खुर्ची टाकून बसला.

आत प्रमोदिनीताई उठल्या. “वैभवी, चल माझ्या केबिनमध्ये. मला तुझ्याशी बोलायचंय.”

“केबिनमध्ये नाही, मॅडम.” वैभवी दाराशीच उभी राहिली. “सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर म्हटलं, चोर घरातच निघाला. इथंच म्हटलं. डॉक्टर मॅडमलाही फोनवर माझं नाव सांगितलं असेल तुम्ही.”

“सांगितलं होतं त्यांनी,” डॉक्टर म्हणाल्या.

प्रमोदिनीताईंनी पदर सारखा केला. त्या माफी मागायला सरावलेल्या नव्हत्या, हे दिसत होतं. “डॉक्टर, वैभवीचा यात काही हात नव्हता. वाट माझ्या सांगण्यावरून पडली. मी विचारायच्या आत ठरवून टाकलं. पोरी, मी चुकले.” मग जरा घुश्शातच म्हणाल्या, “पण पूजा करायला नको होती असं म्हणणार असशील, तर ते मी ऐकणार नाही.”

“मी कशाला म्हणीन? आमच्या घरी नांगराची होते. त्या दिवशी आमचे बाबा शेतात जात नाहीत. नांगर विसाव्याला, मग माणूसही विसाव्याला. शेजाऱ्याचा मागून आणून नांगरत नाहीत.”

कृष्णकांतरावांनी खाली पाहिलं आणि हात जोडले. कुणाला, ते त्यांनाच माहीत. इतक्या वर्षांच्या कीर्तनांत हा अर्थ त्यांना कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितला नव्हता. देवीनं त्या दिवशी फक्त एक दिवस मागितला होता. तो न देता माणसांनी तिला नुसती किल्ली दिली आणि काम चालू ठेवलं.

“पुढच्या वर्षीपासून ऑफिस बंद,” प्रमोदिनीताई म्हणाल्या. “डॉक्टर आल्या तरी बंद.”

“मी येणार नाही,” डॉक्टर नूपुर म्हणाल्या. “पण आजचं काय? माझ्या बाया उद्या सकाळी सातला निघतात. त्या फोनवर आता माझा विश्वास नाही. आणि गोपिकाबाईंवर कॉलनीचा.”

“गोपिकाबाईंचं मी बघते,” वैभवी म्हणाली. “उद्या त्यांच्यासोबत दारोदार जाते. फोननं फोडलं, बाईनं नाही, हे ज्यांनी फोन बनवला त्यांनीच सांगितलं पाहिजे. रितिकाच्या घरी पहिले.”

“तिचं लग्न काही परत जुळत नाही त्यानं.”

“नाही जुळत. तरी जाते.”

मग ती संगणकापाशी बसली. पियुषनं दाराशी बसल्या बसल्या कुठं काय ते सांगितलं, तिनं पॉलिसीतली ‘शुभारंभ’ची ओळ काढली, दोनदा तपासली, तिसऱ्यांदा कृष्णकांतरावांना तपासायला लावली. प्रणाली पुन्हा बांधायला लागली. चहा आला, गार झाला, दुसरा आला. शेवटी पडद्यावर सही मागणारी चौकट उघडली. डॉक्टरांनी चाचणीसाठी आणलेला ‘हवामान’वाला फोन बाजूलाच ठेवला होता. ही प्रणाली त्यात गेली की ते अ‍ॅप ओसरीवर यायचं, आतल्या खोलीची कडी लागायची.

वैभवीनं प्रमोदिनीताईंपुढे हात पसरला. ताईंनी तिजोरी उघडून टोकन तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते लावलं आणि पिन टाकायला बोटं उचलली. मग थांबली.

“पाठ फिरवा सगळे.”

कृष्णकांतराव भिंतीकडे वळले. डॉक्टर वळल्या. पण त्यांच्याही आधी, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत, प्रमोदिनीताई वळल्या होत्या.